पांदणीच्या तोंडावरची फांदी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. घाटंजीकडच्या खेड्यातली पोरगी यवतमाळात सॉफ्टवेअरच्या ऑफिसात बसते, हे आई बाजारात कोणी न विचारताच सांगायची. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आलेल्या कापसाच्या गाडीचं वजन टिपून पावती काढणारा प्रोग्राम आम्ही बनवायचो.

ती वर्षं कापसाची वाईट होती. जिनिंग कधी सुरू होईल न् किती दिवस चालेल, कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यातच आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, जुन्या प्रोग्रामचा सपोर्ट दिवाळीला संपवायचं ठरवलं. त्यानंतर तो बिघडला तर आम्ही हात लावणार नव्हतो. त्याआधी नवा बसवून घ्यायचा. सूचना वेबसाइटवर होती, पण तीन पानं आत, लॉगिनच्या पलीकडे, इंग्रजी फाइलमध्ये.

पांढरकवड्याच्या एका जिनिंगचे मुनीमजी मला फोन करायचे. सेठच्या मागे लागून कॉम्प्युटर त्यांनीच घ्यायला लावला होता. ऐन हंगामात तो अडला तर फाटकाबाहेर गाड्या खोळंबणार आणि सगळे यांच्याकडेच पाहणार.

"बाई, आमचा प्रोग्राम बंद होऊन राह्यला म्हणते. कुठी लिवलं हाये ते दाखव. सेठ तोंडी मानत नाही."

मी सांगत गेले, ते माऊस फिरवत गेले. लॉगिनपाशी गाडी थांबली. पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरला ठाऊक.

मी सरळ सरांसमोर कॉम्प्युटर सरकवला आणि म्हटलं, तुम्हीच काढून दाखवा. सर शहरातल्या नोकरदार घरातले, मनाने मोकळे. चहावर साय धरेपर्यंत शोधलं, सापडेना तेव्हा स्वतःच हसायला लागले. पण सूचना पहिल्या पानावर टाकायला तयार होईनात. दुकानाच्या पाटीवर कोणी ‘बंद होणार’ असं लिहितं का, म्हणाले.

मग मी त्यांना आमच्या गावची रीत सांगितली. नाल्यावरची वाट वाहून गेली की जो पहिला पाहील तो बाभळीची फांदी तोडून आडवी टाकतो. नाल्यापाशी नाही, मागे, पांदणीच्या तोंडावर. पांदण म्हणजे शेतांमधली अरुंद वाट, आत शिरलेली बैलगाडी वळवता येत नाही.

"सर, आपली फांदी नाल्यात पडली हाये," मी म्हटलं.

सरांनी कॉम्प्युटर परत माझ्याकडे सरकवला. "लिही," म्हणाले. "मराठीत लिही."

पहिल्या पानावर, सगळ्यांत वर लिहिलं: कोणता प्रोग्राम, मदत कधीपर्यंत, पुढे काय करायचं. गावची रीत मला कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. पण ती सरांच्या टेबलावर मांडायची हिंमत कॉलेजनेच दिली, हे मी आजही मान वर करून सांगते.

मुनीमजींना मी मुद्दाम कळवलं नाही. त्यांना आपलं आपण सापडतं का, तेच पाहायचं होतं. दसऱ्याच्या आधी फोन आला. सेठने वाचलं होतं. जिनिंगच्या मुहूर्ताआधी माणूस पाठवा म्हणाले. माझ्याने राहवलं नाही. सरांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला आणि विचारलं, मुनीमजी, सापडलं कसं?

ते म्हणाले, "सापडाले काय झालं? समोरच तं हाये."