सुपारी द्यायला आलेला माणूस

माझ्या नवऱ्याचा उजवा खांदा कंपनीत मोडला तो खरोखर मोडला, हे आधीच सांगून ठेवते. पत्र्यांचा गठ्ठा सरकून अंगावर आला. कंपनीनं भरपगारी रजा दिली, वर भरपाईचा अर्जही पुढं धाडला.

पण खांदा भरून आला आणि याचं डोकं फिरलं. डॉक्टरसमोर गळ्यात झोळी अन् तोंड वाकडं, आणि संध्याकाळी सारसोळे गावातल्या बेंजो पार्टीत ताशा वाजवायला साहेब हजर! लग्नसराई होती, रोज कुठं ना कुठं हळद. "अगं, हळदीत कोण बघतंय?" म्हणायचा. अरे मेल्या, हळदीला अख्खा गाव असतो! वर्षानुवर्षं कंत्राटात घासून मिळालेली पर्मनंट नोकरी होती ती. दारात मोटारसायकल थांबली की मी आधी खिडकीतून बघायचे, कंपनीचा माणूस तर नाही ना. वर हाच मला म्हणायचा, एकदा तरी ये ना ऐकायला. मी कशाला जाते!

एक दिवस मोटारसायकल थांबलीच. मी मोरीत कपडे घासत होते. नळ बंद केला तेव्हा ओटीवरनं सासूबाईंचा आवाज आला.

"वाजवायला गेलाय ना तो. बसा, चा घ्या. तुमची हालद कवा हाय?"

सीझनला आमच्याकडं असे लोक यायचेच, पार्टी ठरवायला, सुपारी द्यायला. सासूबाईंना वाटलं हा त्यातलाच.

"पण खांदा दुखत नाही का त्यांचा?" त्यानं विचारलं.

झालं! गिऱ्हाईक पोराला नावं ठेवतंय म्हणून म्हातारी उसळली. "दुखतोय कशाचा! दोनी हातांनी वाजवतो, थांबत नाय. इस्वास नसंल तर दिवाले गावान हालदीला जाऊन बगा, आज तितंच हाय."

मी ओल्या हातांनी धावत बाहेर आले, तेव्हा तो गाडीवर बसला होता. शर्टाच्या खिशावर कंपनीचं चिन्ह.

"आई, काय केलंत हे!" मी ओरडले.

"काय केला? सुपारी न देताच गेला मेला," त्या म्हणाल्या. त्यांच्यावर चिडू तरी कशी?

नवऱ्याला फोन लावला, लावतच राहिले. त्या गोंगाटात त्याला कुठला ऐकू येतोय! रिक्षात बसले. रिक्षावाल्यावर उगाच खेकसले. त्याची काय चूक होती बिचाऱ्याची!

दिवाळे गावातल्या मांडवात तो कंपनीचा माणूस माझ्या आधी पोचला होता. बायकांनी त्याच्याही गालाला हळद फासली होती, पाहुणा म्हणून. त्यानं मोबाईल वर धरला होता, व्हिडिओ चालू.

मी गर्दीत घुसून दोन्ही हात वर केले, थांब, थांब, म्हणून. नवऱ्यानं मला पाहिलं. कधी नाही ती मी आले होते, केवढा खूश झाला! त्याला वाटलं मी नाचायला लागले. त्यानं दोन्ही काड्या डोक्यावर नेऊन फिरवल्या, आणि आणखी जोरात वाजवायला लागला.