साहेबांच्या जागी

आमचे हे बत्तीस वर्षं साहेबांची जुनी लांबलचक गाडी चालवत आले. लाकडी डॅशबोर्ड, चामड्याची सीट, आणि इंजिन इतकं शांत की आतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. साहेब गेल्यावर बाईसाहेबांनी ती विकली. "उद्या नवे मालक न्यायला येतील. आज तुम्ही दोघं तळ्यापर्यंत फिरून या," त्या म्हणाल्या.

ह्यांची एकच इच्छा होती, एकदा साहेबांच्या जागी मागे बसून तळ्यापर्यंत जायचं. पण मग चालवणार कोण? मी पंधरा वर्षं शाळेची व्हॅन चालवतेय, केकाटणाऱ्या पोरांसकट! तरी ह्या गाडीच्या स्टिअरिंगला कधी हात लावू दिला असेल तर शपथ. "व्हॅन वेगळी, ही वेगळी," म्हणे. माझं डोकंच फिरायचं.

त्या दिवशी हे बराच वेळ किल्ली मुठीत धरून उभे राहिले. शेवटी माझ्या हातावर ठेवली.

मागे बसले, पण जीव सगळा पुढे. "क्लच सोड. अगं, हॉर्न! वळण आहे." उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. चौथ्या वळणावर मी गाडी कडेला घेतली.

"साहेब असं करायचे?"

"छे! ते बाहेर बघायचे."

"मग बघा ना! नंतर माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत."

मी पुन्हा गाडी काढली. गाडी चढ अशी अलगद चढत होती, खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटली. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधूनच खाली चमकणारं पाणी. आरशात बघितलं तर ह्यांची पाठ टेकलेली, तोंड खिडकीकडे.

तळ्याशी मी गाडी थांबवली. इथं साहेब तळं बघायचे आणि पिवळं फडकं घेऊन हे काच पुसायचे. आताही टुणकन उतरतील असं वाटलं. उतरलेच नाहीत. म्हणून मीच मागचं दार उघडलं.

"पलीकडे ते पांढरं काय गं?"

"बगळे."

"नेहमी असतात?"

"मला काय विचारता? शंभरदा तुम्ही आलाय इथं!"

"मी रस्ता बघत होतो," हे म्हणाले.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. रडूच आलं मला.

ऊन कलेपर्यंत काठावर बसलो. निघताना मी किल्ली पुढे केली. शेवटची फेरी ह्यांनीच चालवावी, असं मनापासून वाटत होतं. हे किल्लीकडे बघत राहिले, मग मागचं दार उघडून आत बसले.

"तूच चालव," म्हणाले. "फक्त दुसरा गिअर जरा हळू टाक."