फ्लॅश धरणारी अम्मा

अम्माच्या हृदयाची एक झडप बदलावी लागेल असं तिरुचीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. परतीच्या वाटेवर मात्र, तंजावूर जवळ आल्यावर, मागच्या सीटवरून ती मला आणि माझ्या धाकट्या भावाला म्हणाली, "मज काहीं झालें तर तो आधार कार्डावरचा फोटो भिंतीवर लावूं नका. त्यांत मी चोरी करतांना धरलेली बाई दिसतें."

भाऊ गाडी चालवता चालवता खो खो हसला. मी चिडले. ऐंशी ओलांडलेल्या बाईने ऑपरेशनच्या तोंडावर असलं अभद्र बोलू नये आणि बोललीच तर मुलांनी हसू नये, असं माझं मत आहे.

"गप बस, अम्मा," मी म्हणाले.

"सरी, बसतें," ती म्हणाली. "पण तो लावूं नका."

अम्माचं मराठी हे असं, आमच्या तंजावूरचं. पुण्याच्या माझ्या मैत्रिणी ते ऐकून खूश होतात आणि अम्मा त्यांचं ऐकून तोंडाला पदर लावते.

घरी आल्यावर मी सगळे आल्बम काढून बसले. एवढ्या फोटोंत अम्माचा एक चांगला फोटो सापडणार नाही, असं होईलच कसं? पण झालं तसंच. गोटा केलेला भाऊ होता, पहिल्या नोकरीच्या दिवशीची मी होते, पापनाशमहून आलेले पाहुणे ओळीने बसलेले होते. अम्मा नव्हती. लग्नाच्या फोटोत आहे, पण मान इतकी खाली की भांग तेवढा दिसतो. एका दिवाळीच्या फोटोच्या कडेला तिचं कोपर आहे. कोपर भिंतीवर लावता येत नाही.

"दिव्याखाली अंधार, दुसरं काय," भाऊ म्हणाला. या एका बाबतीत तो अगदी बरोबर बोलला, कारण आमच्या घरातला दिवा अम्माच धरायची.

अप्पा पाटबंधारे खात्यात नोकरीला होते आणि कॅमेरा हा त्यांचा एकुलता एक षोक. बाकी सगळ्या बाबतीत साधा माणूस. आमच्या हॉलमध्ये कृष्णाचं एक मोठं चित्र आहे, आमच्या गावच्या पद्धतीचं: लोण्याचं मडकं घेऊन बसलेला गुटगुटीत कृष्ण, अंगभर सोन्याचा वर्ख, दागिन्यांच्या जागी खडे आणि या सगळ्यावर काच. घरातला कुठलाही फोटो त्याच्याखालीच काढायचा, असा रिवाज होता. बारसं असो, दिवाळी असो, आधी कृष्णाखाली उभं राहायचं. अप्पांनी नवा फ्लॅश आणला, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला आणि मोठ्या थाटात आमचा फोटो काढला. तो धुऊन आला तेव्हा आम्ही सगळे जागच्या जागी होतो, कृष्ण नव्हता. त्याच्या तोंडाच्या जागी एक पांढरा गोळा. काचेने आणि वर्खाने मिळून सगळा उजेड आल्या वाटेने परत पाठवला होता. "देव उठून गेला," असं म्हणून आजीने तो फोटो घरात ठेवू दिला नाही.

दुसऱ्या भिंतीपाशी उभे राहा, असं कुणी सुचवलं नाही. अप्पांच्याही मनात ते आलं नाही. देव तिथे म्हणून माणसं तिथे. त्यांनी फ्लॅशचं तोंड वर छताकडे करून पाहिलं, पण आमचं छत जुन्या सागवानी तुळयांचं, काळपट. ते सगळा उजेड गिळून बसलं आणि फोटोत आम्ही अंधारातल्या वटवाघळांसारखे आलो. शेवटी त्यांनी मद्रासहून एक वायर मागवली, टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळ्यांची. तिचं एक टोक कॅमेऱ्याला आणि दुसरं फ्लॅशला. आता फ्लॅश सुटा झाला, कुठूनही उडवता येऊ लागला. तो फक्त बाजूला आणि उंच धरायला कुणीतरी हवं होतं. आजी म्हातारी, आम्ही बुटके. अम्मा हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि त्या दिवसापासून ते काम तिचं झालं.

झोपाळ्याच्या कडीखाली पाट मांडलेला असायचा. त्यावर उभी राहून ती उजवा हात पूर्ण वर करायची. फ्लॅश सुरू केला की आधी कुईंऽ असा बारीक आवाज चढत जायचा, मग पाठीमागचा लाल दिवा लागायचा. अम्मा सांगायची, "आलें!" की अप्पा बटण दाबत. फ्लॅशच्या पाठीवर एक कोष्टक होतं, माणसं किती अंतरावर असली की भिंगाचं तोंड किती उघडायचं त्याचं. अप्पांना ते पाठ होतं, तरी दर वेळी ते चष्मा वर करून वाचायचे. कृष्णाच्या काचेवर पुन्हा कधी गोळा आला नाही. "फोटो काढणारी ती, मी आपला बटण दाबणारा," असं अप्पा आल्यागेल्याला सांगायचे. त्यांना ते मनापासून वाटायचं.

त्यांचा एकच त्रास होता. आमच्या सगळ्या फोटोंत सगळी माणसं डावीकडे बघतात. अप्पा ओरडून थकले. "मजकडे बघा! तिकडे काय आहे?"

"तिकडे अम्मा आहे," असं भाऊ एकदा म्हणाला आणि त्याला टपली बसली.

अम्माला फोटो काढून घ्यायला आवडत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला पडवळ आवडत नाही, हे जसं ठाऊक होतं, तसंच. अप्पा हे सांगायचे, मग आम्ही सांगू लागलो. पुढे अप्पा गेले. त्यांचा सुरेख फोटो हॉलमध्ये आहे, तो कचेरीतल्या निरोपसमारंभाचा. कॅमेरा, फ्लॅश आणि वायर मी एका पिशवीत बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली.

तर आता ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं आणि फोटो नव्हता. "एवढं काय? फोनवर काढू," भाऊ म्हणाला आणि त्याने अम्माला खिडकीपाशी बसवून काढलासुद्धा. फोनने तिच्या सगळ्या सुरकुत्या इस्त्री केल्या. वर गोरा रंगही दिला. अम्माने चष्मा लावून पाहिलं.

"ही कोण? बरी आहे. कोणाची सून?"

भावाने सेटिंग का काय ते बदलून पुन्हा काढला. दुसरा आला तो आधार कार्डाची सख्खी बहीण. मला रडावंसं वाटलं, आणि मला रडावंसं वाटलं की मी कुणावर तरी खेकसते, म्हणून भावावर खेकसले. मग स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरून ती पिशवी काढली.

कॅमेरा ठणठणीत होता. फ्लॅशमध्ये मात्र कुणा शहाण्याने सेल तसेच ठेवले होते, ते फुटून आतल्या पत्र्यांवर हिरवी-पांढरी बुरशी चढली होती. मी लिंबाची फोड घेऊन ते पत्रे घासले, कोरडे केले, पंख्याखाली ठेवले. चेन्नईत फिल्मचे रोल अजून मिळतात. इतकंच काय, कॉलेजची पोरं हौसेने वापरतात म्हणे. कुरिअरने रोल मागवला. तो आला त्या दुपारी मी नवे सेल घालून फ्लॅश सुरू केला. काही नाही. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तरीही काही नाही. बऱ्याच वेळाने, मी हात जोडायच्या बेतात असताना, कुईंऽ असा आवाज चढू लागला.

आतल्या खोलीत अम्मा झोपली आहे अशी माझी समजूत होती. तिथून आवाज आला, "आलें कां?"

"आलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची समजूत कशी घालायची, याची मी पुरती तयारी करून गेले होते. ज्याला फोटो आवडत नाहीत त्याला गोड बोलून बसवावं लागतं. पाहते तर अम्मा न्हाऊनमाखून पलंगावर बसलेली. गडद लाल रेशमी पट्टुसाडी, नाकात हिऱ्याच्या चमक्या, केसांत मल्लिपूचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"कोठें? फोटोला."

"तुला तर फोटो आवडत नाहीत."

"कोण सांगितलें?"

"अप्पा."

ती निऱ्या सारख्या करत होती. मान वर न करताच म्हणाली, "त्यांस मी कधीं सांगितलें?"

"मग तू कधी बोलली का नाहीस? काढा म्हणून?"

"मज कोण विचारलें? फ्लॅश धर म्हणाले, धरलें."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र आला, अप्पांचा आला. गेलेल्या माणसावर रागावण्यात काही शहाणपण नाही, तरी मी चांगली रागावले. इतकं कोष्टक वाचायचे, अंतर मोजायचे, आणि हात वर करून उभ्या असलेल्या बाईला एकदा विचारता आलं नाही?

अम्माला कृष्णाखालच्या खुर्चीत बसवलं. भाऊ फ्लॅश घेऊन झोपाळ्याच्या कडीखाली उभा राहिला. तो ताडमाड, त्याला पाट लागत नाही. मी शटरची चकती साठावर आणली, कारण फ्लॅश लावल्यावर साठाच्या पुढे गेलं की अर्धा फोटो काळा येतो, हे अप्पांनी आम्हाला पाढ्यासारखं घोकवलं होतं. लाल दिवा लागला. भाऊ ओरडला, "आलें!" मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी अम्माचा उजवा हात आपोआप वर गेला.

"अम्मा, हात!"

"अय्यो, गेला कीं."

पुन्हा तयारी, पुन्हा लाल दिवा, पुन्हा हात वर. भाऊ हसून हसून भिंतीला टेकला. तिसऱ्या वेळी मी तिला दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंफून ठेवायला लावले. आता हात राहिला, पण भावाचं काहीतरी बिनसलं. अम्माचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्याला वाटलं, एवढा उजेड थेट तिच्या डोळ्यांत नको. म्हणून तो हळूहळू फ्लॅश वर कलता करत होता. मी भिंगातून बघत होते, मला ते दिसलं नाही. अम्माला दिसलं.

"डेय, कोठें धरलास?" ती कडाडली. झडप खराब असलेल्या बाईचा तो आवाज नव्हता. "देवाला नको दाखवूं! देवाला फार दाखवलें. आज मजवर धर!"

भावाने गुपचूप फ्लॅश खाली वळवला. मग अम्मालाच हसू फुटलं, आणि मी बटण दाबलं. खात्रीसाठी लगेच आणखी एक काढून ठेवला.

रोल धुवायला चेन्नईला गेला आणि अम्मा तिरुचीला. ऑपरेशन चालू असताना मी बाहेरच्या बाकावर बसून एकाच गोष्टीचा विचार करत होते: चकती साठावरच होती ना? बोटाने सरकली तर नाही? आत डॉक्टर काय करत होते ते माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी त्या चकतीची काळजी करत बसले. भाऊ कॉफी घेऊन आला. त्याच्यावरही खेकसले. तो शेजारी बसला आणि आम्ही एकाच ग्लासातली कॉफी प्यायलो.

अम्मा परत आली. बारीक झाली, आवाज खोल गेला, पण आली. तिचा पलंग आम्ही हॉलमध्ये आणला. फोटो नंतर आले. दोन फोटोंत तिचा हात वर. एक अर्धा काळा, म्हणजे चकती एकदा सरकलीच होती. आणि एक तो, भावाला दटावल्यानंतरचा. डाव्या गालावर उजेड, नाकातली चमकी लखलखलेली, सगळ्या सुरकुत्या जागच्या जागी आणि ओठांवर नुकतंच फुटलेलं हसू. मागे कृष्ण मडक्यासकट स्पष्ट.

तिने तो हातात घेतला. चष्मा लावला, काढला, पदराने पुसून पुन्हा लावला.

"चांगली दिसतें कीं मी," ती म्हणाली. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

"छानच दिसतेस."

"हा भिंतीवर नको इतक्यांत. मजपाशीं असूं दे."

मी म्हटलं, असू दे. सगळी दुपार तो तिच्या उशाशी होता. संध्याकाळी मी कॉफी घेऊन गेले तरी ती तो हातात धरून होती. मी पेला तिच्यापुढे केला. तिने घेतला नाही.

"एकदां तरी मींच सांगायचें होतें त्यांस," ती म्हणाली. "हा फ्लॅश खालीं ठेवतें, माझा एक काढा, म्हणून."

"काढला असता त्यांनी?" मी विचारलं. माझा राग अजून गेला नव्हता.

अम्माने माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली मुलगी असं काय विचारते.

"रोल संपेतों काढत बसले असते," ती म्हणाली.