पाहुणे येणार, मालनबाई जांबला

सोयरिकीचे पाहुणे येणार असले की मंठ्यात पुंजारामच्या घरी फरशी पुसली जाते, पडदे बदलले जातात आणि मालनबाईला दर्शनासाठी जांब समर्थच्या राममंदिरात पाठवलं जातं. मालनबाई ही पुंजारामची बहीण, त्याच्या धाकट्या मुलीची, मीनाची, आत्या. तिला लपवायचं असं घरात कुणी कधी म्हटलं नाही. तसं म्हणायला कुणाची जीभ रेटली नसती. म्हणायचं एवढंच, की मालनला रामरायाची ओढ फार. सोबतीला मीना. मीनाच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी हेच झालं, आता भावाच्या, रामप्रसादच्या वेळी पुन्हा तेच. देवाच्या नावावर माणसं काय काय खपवतात आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतात.

मालनबाई लग्नानंतर थोड्याच वर्षांत सासरहून परत आली ती बदलूनच. जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट सरकवायची, भिंतीकडं तोंड करून कुणाशी तरी बोलत बसायची. मीना तेव्हा लहान होती. ती आत्याजवळ झोपायची आणि ते बोलणं ऐकून गोधडीत अंग चोरायची. पुढे जालन्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. आता मालनबाई सगळ्या घराचं रांधते, गल्लीतल्या कुरडया-पापडांना हात लावते, गोळी कधी चुकवत नाही. पण सोयरिकीच्या बैठकीत 'घराण्यात काही आहे का' असं हळूच विचारतात, तेव्हा त्या 'काही'त मालनबाई येते हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि मीना तर आत्यावर गेलेली. तेच रुंद कपाळ, तीच चाल, हसताना मान वाकडी करायची तीच खोड. लहानपणी हे ऐकून ती खूश व्हायची. कॉलेजात मानसशास्त्र घेतलं, आनुवंशिकतेचा धडा वाचला, आणि मग 'आत्यावर गेली' हे शब्द कानावर आले की ती तिथून उठून जायला लागली. झोप लागत नसली की ती अंधारात कान देऊन पडायची, आपल्याला काही ऐकू येतंय का म्हणून. काही ऐकू यायचं नाही. तरी भीती जायची नाही.

तिला पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करायचं होतं. अर्जासोबत स्वतःबद्दल दोन पानं इंग्रजीत लिहून मागितली होती: हाच विषय तुम्हाला का शिकायचाय? मीनाने लिहिलं, आमच्या शेजारी एक बाई होत्या, त्यांचं दुखणं पाहून मला या विषयाची गोडी लागली. जालन्याच्या कॉलेजातल्या मॅडमनी ते वाचलं आणि म्हणाल्या, भाषा चांगली आहे, पण शेजारणीसाठी कुणी एवढं घाबरत नाही. यात तू कुठे आहेस? असलं निवेदन तिथं ढिगानं येतं, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. आणि खरं लिहिणार असशील तर ज्यांच्याबद्दल लिहितेस त्यांना आधी विचार.

मीना मान डोलवून आली, पण विचारायचं धाडस काही होईना. खरं लिहावं आणि वाचणारा कुणी ओळखीपाळखीचा निघाला, तर भावाची सोयरीक मोडणार. आत्याला विचारावं, तर ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसली म्हणजे? आणि खोटंच पाठवावं, तर पुणं विसरायचं. असं करता करता अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला, आणि नेमकं त्याच दिवशी रामप्रसादचं घर बघायला मुलीचे चुलते अण्णासाहेब आणि त्यांच्या पत्नी येणार असं ठरलं. मीना आत्याला घेऊन सकाळीच परतूरच्या गाडीत बसली. संध्याकाळपर्यंत अर्ज पाठवायचा होता. तो लिहिलेला मजकूर मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल तिने मुठीत घट्ट धरला होता.

जांबला दर्शन झालं. दोघी मंदिराच्या सावलीला टेकल्या. आत्याने पिशवीतून पोळी-भाजी काढली. मीनाने आपली पोळी तशीच ठेवली. शेवटी ती म्हणाली, "आत्या, एक विचारू का?"

"विचार की. सकाळपासून तोंडात धरून बसलीस."

मीनाने अर्जाचं सांगितलं, पण मध्येच गडबडली आणि भलतंच बोलून गेली, की आज तुला इथं का आणलं ते तुला माहीत आहे का. मालनबाईने पोळीचा तुकडा मोडला. "पाहुणे आल्याबिगर मला कुणी जांबला आणलंय का कधी? मला सम्दं समजतं, बाई. मी गोळ्या खाते, येडी न्हाई."

 तेवढ्यात फोन वाजला. पुंजाराम होता, आणि त्याला धाप लागली होती. "मीना, गडबड झाली. तुझ्या आईनं बोलता बोलता सांगून टाकलं, पोरगी जांबला गेली म्हणून. अण्णासाहेब म्हणले, आमच्या वाटंवरच हाये, पोरीला भेटून जातो. निघून बराच वेळ झाला, तुझा फोन लागत नव्हता. मालनला घेऊन जल्दी निघ तिथून."

अख्खा जिल्हा जिथं दर्शनाला येतो तिथंच माणूस लपवायचं, ही अक्कल पुंजारामच्या घरालाच सुचावी. मीना ताडकन उठली.  ती डबा झाकू लागली, आत्याला उठवू लागली. पण मालनबाईचे गुडघे धरले होते. ती भिंतीला हात लावून सावकाश उभी राहीपर्यंत दरवाजात अण्णासाहेबांची पांढरी टोपी दिसली. मीनाला त्यांनी मुलगी पाहण्याच्या वेळी पाहिलं होतं. त्यांनी लांबूनच हात केला.

नवरा-बायको जवळ आले. अभ्यास कसा चाललाय, नवस काय बोललीस, अशी चौकशी झाली. घर पसंत पडलंय हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मीना 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत होती. मग अण्णासाहेबांनी मालनबाईकडं पाहून विचारलं, "ह्या कोण?"

 "शेजारच्या काकू आहेत," मीना म्हणाली.

अण्णासाहेब निरखून बघत राहिले. एकदा मालनबाईकडं, एकदा मीनाकडं. "शेजारच्या? तोंडावळा तर बिलकुल तुझाच हाये. कपाळ बघा की."

आता सगळं संपलं, असं मीनाला वाटलं.  तेव्हा मालनबाईने पदर नीट केला आणि मान वाकडी करून हसली. "एका नळाचं पाणी पितो, दादा. होतेत माणसं सारखी."

अण्णासाहेबही हसले. त्यांच्या पत्नीने मालनबाईच्या हातावर पेढा ठेवला आणि लग्नाला नक्की या असं अगत्याने सांगितलं. येते की, मालनबाई म्हणाली.

ते आत गेले, तशी मीना मटकन खाली बसली. सोयरीक वाचली होती, आणि तिला स्वतःची शिसारी आली होती. ती तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. मालनबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडू नको. पोराचं लगीन हाये. तू बराबर बोललीस, मी बी बराबर बोलले." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "तिकडं पुण्याला माझं काय लिहून राह्यलीस?"

"शेजारीण," मीना म्हणाली.

मालनबाईचा हात थांबला. "म्हंजी तिथं बी?"

तिने तोंड फिरवलं. समोर मंदिराची भिंत होती. मीनाचा जीव उडून गेला. जिची इतके दिवस धास्ती होती ती वेळ आली, आणि आणली आपणच. ती आत्याचा दंड धरून बोलत सुटली: की मला खरं लिहायचं होतं, पण भीती वाटते, लोकांची वाटते, दादाच्या लग्नाची वाटते, आणि सगळ्यात जास्त, तुला झालं ते मलाही होईल याची वाटते.

मालनबाई वळली. तिचे डोळे भरले होते, पण नजर ठिकाणावर होती. "मला बी तेच भेव हाये," ती म्हणाली. "कधी कधी तुझ्या कपाळाकडं बघवत न्हाई मला. तवा मला कुणी इचारलं न्हाई, काय व्हतंय म्हणून. सम्द्यांनी नुसती दारं लावली. तू जा, शीक. कुणाला असं व्हाया लागलं तर आधी इचार."

मीनाने डोळे पुसले आणि मोबाइल उघडला. शेजारणीची ओळ पुसली. तिथं नवीन ओळ लिहायला घेतली. मालनबाई शेजारी बसून त्या चकचकीत काचेकडं बघत होती.

"आत्याला विंग्रजीत काय म्हणतेत?"

"आंटी."

"आन् काकूला?"

"आंटीच. मामीला, मावशीलाही."

मालनबाईने मान हलवली. "ते नको. बापाची बहीण लिही. सख्खी."