आक्कांच्या हातावरचं पाणी

फोन आला तेव्हा मी पालीला बहिणीकडे होते. चुलीवर चहा उकळत होता. पुतण्या अनिल एवढंच म्हणाला, "काकी, आई गेली..." भाकरी थापता थापता छातीत कळ आली आणि चुलीपुढंच कोसळल्या म्हणे. अशा वेळी माणसाला रडू फुटावं. माझ्या मनात मात्र भलतंच आलं, आक्कांनी हात धुतले असतील का? बहीण विचारत राहिली, "अगं, अशी काय बघतीस?" तिला काय सांगणार, कपाळ!

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. विंझरला आमची दोन घरं एका भिंतीची, आणि परसातली मोरी सामाईक. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मोरीवर आक्का हात धूत असलेल्याच आठवतात. हात धुऊन तांब्याला शिवल्या की त्यांना हात पुन्हा खराब झाल्यासारखे वाटायचे, म्हणून वरून पाणी दुसऱ्या कुणीतरी घालायचं. ते काम धाकटी म्हणून माझ्या गळ्यात पडलं. "झालं का गं, सुमन?" "झालं, आक्का." "नीट बघ बरं." "अवो, झालं की! आता कातडं निघंल." तरी हात पुढंच. कधी वैतागून मी म्हणायचे, "त्यापरीस नदीतच जाऊन बसा तुमी." हसायच्या बिचाऱ्या, पण हात काही मागं घ्यायच्या नाहीत.

आणि गाव? गाव कौतुक करायचं! देवीच्या उत्सवाचा नैवेद्य करायला आधी आक्कांना बोलावणं. "तिच्यावानी सोवळं कुणाचं न्हाई," असं बायका सांगायच्या. सासूबाई तेवढ्या 'मंत्रचळ' म्हणायच्या आणि पदर सावरून कामाला लागायच्या. नैवेद्याच्या आदल्या दिवशी आक्कांच्या बोटांच्या पेरांतून रक्त यायचं, हे कुणी पाहिलंच नाही. मी पाहायचे, खोबरेल तेल लावून द्यायचे, आणि पुन्हा पाणी घालायचे.

मग अनिलला सई झाली. सून बाळंतपण उरकून माहेराहून आली, लेकराला आक्कांच्या मांडीवर ठेवायला गेली, तर आक्का भिंतीला जाऊन टेकल्या. "नगं... माज्या हाताला काय असलं आन् पोरीला काय झालं तर?" हे त्या इतक्या हळू बोलल्या की सुनेला ऐकूच गेलं नाही. तिनं अर्थ लावला, मुलगी झाली म्हणून सासूला नको झालीय. घरात बोलणं तुटलं. आक्का दारामागं उभ्या राहून नातीला बघायच्या आणि पदरात तोंड घालून रडायच्या. माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची.

सईला लस द्यायला नेलं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमचं लक्ष आक्कांच्या फुटलेल्या हातांकडे गेलं. त्यांनी पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. "मी काय येडी हाय व्हय?" असं म्हणत आक्का एसटीत बसल्या, तेही दांड्याला न धरता, माझा खांदा पकडून. डॉक्टर तरणेच होते. म्हणाले, "मावशी, तुम्हाला वेड लागलेलं नाही. ओसीडी नावाचा आजार आहे. तुम्हाला भीती वाटते, म्हणून तुम्ही धुता. धुतलं की घडीभर बरं वाटतं, आणि भीती आणखी मोठी होऊन परत येते. होय ना?" आक्कांनी फुटलेले हात पदराखाली घेतले. मग म्हणाल्या, "व्हय... लई भ्या वाटतं." इतक्या वर्षांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या. मग पाणी मी घालते हे कळल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले. "पाणी घालणं बंद करायचं. 'झालं' म्हणणंही बंद. ते त्या भीतीला खत घालणं आहे."

गोळ्या होत्या, पण खरी कसोटी सरावाची. उंबऱ्याला हात लावायचा आणि न धुता बसून राहायचं. आक्का हात पुढं करून "सुमन, घाल गं एकडाव," म्हणून विनवायच्या. मी शेजारी बसून राहायचे, तांब्या पाठीमागं ठेवून. "झालं का?" म्हटलं की सांगायचं, "मला ठावं न्हाई, आक्का." फार जड जायचं हो. पण भीती जशी चढायची तशी आपोआप उतरायचीही, हे त्यांनी स्वतः पाहिलं. कधी मागचं सगळं उसळून यायचं, पुन्हा मोरी, पुन्हा सराव. असं करत करत एका सकाळी उंबऱ्याला हात लावून, तो न धुताच त्यांनी सईला उचललं. सून दारातच रडायला लागली.

पुढं बायका कुरकुरल्या, आक्कांचं पूर्वीसारखं सोवळं राहिलं नाही. म्हटलं, तुमच्या नैवेद्यापायी माझ्या जावेनं बोटं फोडून घ्यायची का?

त्या दिवशी मी पालीहून पोचले तेव्हा शेवटच्या आंघोळीची तयारी झाली होती. तांब्या माझ्याच हातात दिला. आक्कांच्या बोटांना भाकरीचं पीठ वाळलेलं होतं, नखांतसुद्धा. सईसाठी थापत होत्या. एक बाई म्हणाली, "हात चोळून घ्या गं तिचं." मी म्हटलं, "नगं. हात जन्मभर धुतलेत त्यांनी." अंगावरून पाणी घातलं, हात तेवढे कोरडे ठेवले. पिठासकट गेल्या आक्का.

तांब्या अजून मोरीवरच असतो. परवा सई मातीत खेळून आली आणि दोन्ही हात पुढं करून म्हणाली, "धाकटी आजी, पाणी घाल." माझा हात तांब्याकडे गेला आणि थबकला... मग घातलं. सईनं तळवे उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "झालं का गं?" मी तांब्या खाली ठेवला. म्हटलं, "मला ठावं न्हाई, बाई. चल, जेवायला."