जमादाराचा वाटा

नागभीडकडच्या त्या गावात तळ्यातले मासे वाटायचे काम देवकाबाईकडे होते. काठावर ढीग मांडले की ती पाठ करून बसायची. मागून जाळे ओढणाऱ्यांपैकी पत्रू एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचा, "हा कोनाचा?" आणि ती तोंडात येईल ते नाव घ्यायची. न पाहता दिलेल्या वाट्यावरून भांडण कसले? पहिला ढीग मात्र ठरलेला असायचा. सगळ्यात मोठ्या माशांचा, ठाण्याच्या जमादाराचा.

इंग्रज गेला, पण जमादार काही गेला नाही. एकदा तिच्या नवऱ्याने, उमाजीने, तो वाटा नाकारला. चोरीचा आळ घालून त्याला ठाण्यात नेले आणि उजवा हात मोडून परत पाठवले. त्या हाताने पुन्हा जाळे फेकले नाही. सासू म्हणायची, "देव पाहीन त्याच्याकडं." देवकाबाई दात-ओठ खायची. "देवाले सवड होयेपर्यंत मी काऊन थांबू?"

छप्पन सालच्या उन्हाळ्यात चांद्याहून पोलिसांचा नवा साहेब आला. तळ्याकाठी मांडी घालून म्हणाला, "पोलीस आता तुमचेच आहेत. तक्रार असेल तर मोकळेपणाने सांगा." मागे जमादार आणि त्याचे दोन शिपाई उभे! पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरतो? सगळे म्हणाले, "सब ठीक हाये, साहेब." आज जमादाराचा ढीग मांडू नको, असे गावाने देवकाबाईला सकाळीच बजावले होते.

तिने तो मुद्दाम मांडला आणि पाठ करून बसली. पत्रूने पहिल्या ढिगावर बोट ठेवले. "हा कोनाचा?"

"जमादाराचा!" पलीकडच्या काठावर धुणे धुणाऱ्या बायांनीही ऐकले.

साहेब चमकला. "कोणत्या जमादाराचा?"

"थो काय, तुमच्या मागं उभा हाये. वाटा देल्ला नाई तं यानं माह्या मानसाचा हात मोडला."

"बाई खोटं बोलते!" जमादार गरजला. उमाजी पुढे आला आणि वाकडा हात साहेबासमोर धरला. मग पत्रू म्हणाला, "खरं हाये, साहेब." मग सगळ्यांनाच कंठ फुटला.

साहेबाने तिथल्या तिथे जमादाराचा पट्टा उतरवला. ढगळ सदऱ्यातला तो उघडा पडलेला माणूस पाहून देवकाबाईला जे सुख झाले, ते तिला लग्नातही झाले नव्हते.

साहेबाने हात जोडले. "चुकलं आमचं, बाई. आता तरी पोलिसांवर भरवसा ठेवाल ना?"

देवकाबाईने लुगड्याला हात पुसले आणि दोन्ही शिपायांकडे बोट केले.

"हात मोडताना माह्या मानसाले दाबून धरनारे हे दोघं होते. यायचेबी पट्टे उतरवा, साहेब. मंग इचारा."