बाबांच्या तिकिटावरचा फोटो

बाबांवर टपाल तिकीट निघणार असं कळलं आणि अमरावतीचं आमचं घर माणसांनी भरून गेलं. जिवंतपणी त्यांची एकही कादंबरी विकत न घेतलेले लोक पेढे मागायला हजर. मी म्हटलं, या, बसा, चहा मिळेल.

तिकिटासाठी फोटो हवा होता. बाबांना कॅमेऱ्याचं वावडं. धड असा एकच फोटो, चिखलदऱ्याचा. बाबा हसताहेत, शेजारी आई, आणि तिचा हात त्यांच्या खांद्यावर. चारचौघांत तिनं त्यांना असा हात लावलेला मी एरवी कधी पाहिला नाही. बाबा गेल्यापासून तो फोटो तिच्या उशाशी असे. "नक्कल काढ अन् हाच मले वापस आण," तिनं मला बजावलं.

अकोल्याला ओळखीच्या स्टुडिओत मी तो दिला. आणायला गेले तर पाकिटात बाबा एकटेच. कात्रीनं कापलेले.

"आई कुठाय?" मी विचारलं.

"गेलेल्या माणसासंग जित्या माणसाले ठेवत नाही न ताई. अभद्र असते," फोटोवाला म्हणाला.

त्या वर्षांत कापसानं घरंच्या घरं बसवली होती, कर्जापायी शेतकरी जीव देत होते. खेड्यांतून लोक लग्नाचे फोटो घेऊन त्याच्याकडे येत, आणि हार घालायला तो नवरा तेवढा कापून मोठा करून देई. न सांगता बायको बाजूला काढायची त्याला सवयच लागली होती. आईचा अर्धा भाग केव्हाच कचऱ्यात गेला होता. तोंडात आलेल्या शिव्या मी गिळल्या. आईला आयुष्य मिळावं म्हणून ज्यानं कापलं, त्याला काय बोलणार, कप्पाळ.

घरी येऊन आईला तो तुकडा दाखवला. बाबांच्या खांद्यावर तिची चार बोटं तेवढी उरली होती.

"असू दे," ती म्हणाली. "तिकिटावर एवढी बोटं तरी येतीन."

समारंभात पडदा सरकला, टाळ्या पडल्या. तिकीट मोठं करून लावलेलं होतं. बाबांचा खांदा स्वच्छ होता. तिकिटाचं चित्र काढणाऱ्यानं ती बोटंही पुसून टाकली होती. आईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग मंचावरच्या साहेबांकडे बघत माझं मनगट घट्ट धरलं.

"सांग न वं त्यायले," ती म्हणाली, "मी होती म्हणून तिथं."